चिठ्ठीवरची वेळ

सोमवार, १५ ऑक्टोबर १९५१. हॅगथ्वेट

पुण्याच्या पाठशाळेत ज्याने बारा वर्षे धातुपाठ घोकला, तो मनुष्य पन्नाशीला टेकल्यावर यॉर्कशरातल्या एका गुत्त्यात रोज बारा ते अडीच बसतो आणि त्याबद्दल पगार घेतो, हे गुरुजींना कळते तर त्यांनी आंघोळ केली असती. मी फक्त जिंजर बिअर पितो हे सांगूनही भागले नसते. तिच्यात बिअर आहेच.

काम सोपे आहे. साधी माणसे रोजच्या बोलण्यात कोणत्या क्रियापदाला कोणते शब्दयोगी जोडतात, याचा कोश लीड्सच्या आमच्या कचेरीला करायचा आहे. एक वाक्य, एक चिठ्ठी. खाली बोलणाऱ्याचा धंदा, वय, ठिकाण, तारीख आणि वेळ. वेळेबद्दल आमच्या संपादिका मिस पिकरसगिल फार कडक. पहिल्या पेल्याची भाषा निराळी आणि तिसऱ्याची निराळी, असे त्यांचे म्हणणे. दुसरा नियम असा की लिहिलेली चिठ्ठी खोडायची नाही. चूक आढळली तर लाल शाईने दुसरी लिहायची आणि पहिलीला टाचायची.

माझे खिशातले घड्याळ सप्टेंबरपासून हॅलिफॅक्सच्या घड्याळजीकडे पडून आहे. अडत नाही. 'फ्लीस' या आमच्या पबात बाटल्यांच्या वर ताटाएवढे घड्याळ टांगले आहे, त्यावरून वेळ टिपतो.

बावीस वर्षे लीड्समध्ये काढली, पण पबात पाऊल टाकले ते या नोकरीपायी. गावाने मात्र लगेच आपला म्हटले. हर्डीकर हे नाव ऐकून मालकीणबाई एडना हिंचलिफ म्हणाल्या, "हार्डेकर? कीथलीकडचे का? तिथे आमचे पुष्कळ हार्डेकर आहेत. तुम्ही जरा जास्त उन्हात राहिलेले दिसता." तेव्हापासून मी हार्डेकर मास्तर.

एकच गैरसोय. माझी खोली पुढच्या गावात आहे आणि दोन-चाळीसची बस पबाच्या दारासमोर रोज दोन-पन्नासला येते. बाहेर उभे राहूनही खिडकीतून पबाचे घड्याळ दिसते, म्हणून छातीठोक सांगतो. बाई म्हणतात, "चढ आहे ना राजा. बसलाही दम लागतो."

गुरुवार, १८ ऑक्टोबर

आज डॉमिनोच्या डावावरून मारामारी झाली. जोएल थ्यूलिस हा खाणीतला दगडफोड्या, सहा फुटांचा, आवाज मात्र गाभाऱ्यात बोलावे तसा. समोरच्याने सोंगटी लपवली म्हणे. थ्यूलिसने त्याचे डोके केसांनी धरून टेबलावर तीनदा आपटले. ओरडा नाही, शिवी नाही. मग सोंगट्यांमधून एक दात वेचून काढला आणि दाताच्या मालकाच्या खिशात घातला. "विसरून जाशील."

पब हसला. मीही हसलो. एका मारामारीतून पाच चिठ्ठ्या निघाल्या.

या भाषेची गंमत अशी की मारण्याची क्रियापदे तिला लागतच नाहीत. जाणे, येणे, ठेवणे, वळणे, ही रांगत्या पोरांची क्रियापदे घ्यायची आणि मागे एक चिमुकला शब्द चिकटवायचा की रक्त निघाले. 'गो फॉर' म्हणजे अंगावर धावणे. 'ले इंटू' म्हणजे बडवून काढणे. 'टर्न ऑन' म्हणजे उलटून चावणे. आमचे गुरुजी सांगत की उपसर्ग धातूला मानगुटीला धरून भलतीकडे नेतो. पण आमचा उपसर्ग निदान समोरून येतो. यांचा मागून येतो.

'स्विंग फॉर' आज पुन्हा मिळाले, अकराव्यांदा. तुझ्यापायी फासावर लोंबेन, असा अर्थ. आतापर्यंत ते बोललेल्यांत एक आजी आहे (नातवाने चिखलाचे बूट आत आणले), एक शिक्षिका आहे आणि स्वतः मालकीणबाई दोनदा. या देशात खुनाला खरोखर फाशी आहे, आणि माणसे ती बुटांवरून देऊ करतात.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

पबाची झाडलोट करणारी आयव्ही ही थ्यूलिसची धाकटी बहीण. आज तिचा ओठ फाटलेला होता. मी विचारले नाही. तिनेच सांगितले, "कपाटाचं दार लागलं." मागच्या आठवड्यात ते दार बरगडीला लागले होते.

ते दार म्हणजे तिचा नवरा, क्लिफर्ड सग्डन, खाणीचा मुकादम. खाणीच्या फाटकाशी काटाघर आहे, तिथे बसून भरलेल्या लॉऱ्या तोलतो. पबात येतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात.

"त्याला कोणी काही बोलत नाही का?" मी बाईंना विचारले.

"बोलतात की. मग पुढच्या स्फोटाला बोलणाऱ्याला सुरुंगाच्या तोंडाशी उभा करतो तो. गेल्या वर्षी बिली ग्रीनऑलचा हात गेला, मास्तर, खांद्यापासून. सापडला तेव्हा बोटं मिटलेली होती."

शनिवार, २७ ऑक्टोबर (डाव्या हाताने)

सग्डनने मला लिहिताना पाहिले. आला आणि चिठ्ठ्या उचलल्या.

"काय रे काळ्या हार्डेकर, माझं बोलणं कुणाला विकतोस?"

"कोशाला," मी खरे ते सांगितले.

त्याने वाचले. त्याचेच वाक्य होते, दहा मिनिटांपूर्वी आयव्हीला उद्देशून म्हटलेले. मजकूर मिस पिकरसगिल छापणार नाहीत. त्याने माझा उजवा हात टेबलावर दाबला आणि राख झाडायचे पितळी भांडे त्यावर आपटले. दोनदा. पहिल्यांदा करंगळी, मग तिच्या शेजारचे. सुक्या काटकीसारखा आवाज होतो, हे टिपून ठेवतो. मग चष्मा काढून घेतला, जमिनीवर ठेवला आणि सावकाश त्यावर उभा राहिला.

"आता लिही."

पोलीस शिपाई ब्रॅमॉल कोपऱ्यात होता. तो आपल्या बुटांकडे पाहत राहिला. सग्डन गेल्यावर थ्यूलिस उठला, सिगारेटच्या खोक्याचे तुकडे कापले आणि माझी बोटे सरळ ओढून बांधली. मी ओरडलो असेन. तो म्हणाला, "श्वास सोडा मास्तर. झालं. झालं बघा." इतक्या मायेने मला बावीस वर्षांत कोणी शिवले नव्हते.

बस दोन-पन्नासला.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

क्रमाने लिहितो.

पबात दहा-बारा माणसे होती. स्वयंपाकघराकडचे दार उघडून आयव्ही आत आली. चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. जबडा एका बाजूला सरकलेला, तोंड मिटत नव्हते, आणि पुढे ओंजळ धरलेली, गळणारे रक्त फरशीवर पडू नये म्हणून. सकाळीच तिने फरशी पुसली होती. ती काही बोलू पाहत होती, शब्द होत नव्हता.

थ्यूलिसने पेला खाली ठेवला. अजिबात आवाज न करता. आणि म्हणाला, "त्याच्यापायी मी लोंबेन."

माझा हात सवयीने चालला. डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली: दगडफोड्या, वय चौतीस, फ्लीस, ८ नोव्हेंबर, एक वाजून पन्नास मिनिटे. मान वर केली तेव्हा तो दारातून बाहेर पडला होता.

तासाभराने सग्डनला एका दारावर घालून आणले. इथे मुडदा पबातच आणतात, मोठे टेबल दुसरीकडे नाही. मागच्या खोलीत नेताना वरचे फडके सरकले. मोठ्या घणाचा घाव दिसत होता, एक नव्हे, पुष्कळ. डोक्याची डावी बाजू नव्हतीच. दगड फोडणाऱ्याने दगड समजून फोडावे तसे. दात मात्र शाबूत होते.

थ्यूलिस पाचला आपण होऊन ब्रॅमॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणतो, खाणीपर्यंत पोचलो, तेव्हा लॉरीवाला 'खून, खून' ओरडत होता, तसाच मागे फिरलो. कपड्यांवर रक्त नाही. अंगात सदरा नवा होता, असे कोणीतरी म्हणाले आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारले.

बस चुकली. चालत आलो.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

लीड्सहून इन्स्पेक्टर आला आहे. बाईंनीच त्याला माझ्याकडे आणले. "या मास्तरांना विचारा साहेब. कोण काय बोलला आणि किती वाजता, सगळं लिहून ठेवतात. ऑफिसचं काम आहे त्यांचं. शिकलेला माणूस आहे."

इन्स्पेक्टरने चिठ्ठी पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. मला वाटते 'लोंबेन' हे वाचून. मग खालची वेळ वाचली आणि चेहरा पडला.

त्याचे गणित असे. काटाघरात प्रत्येक लॉरीच्या पावतीवर यंत्र वेळ छापते. सग्डनच्या सहीची शेवटची पावती एक-एक्केचाळीसची आहे. पुढची लॉरी एक-अठ्ठावन्नला आली तेव्हा तो मेलेला होता. फ्लीसपासून फाटकापर्यंत चढाची वाट बारा मिनिटांची, शिपायांनी पळून पाहिली तरी अकराच्या खाली जाईना. थ्यूलिस इथून एक-पन्नासला निघाला असेल, तर दोनच्या आत पोचूच शकत नाही.

इन्स्पेक्टरने आपले मनगटी घड्याळ काढून वरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. मिनिटाचा फरक नाही. "हे घड्याळ कोणी हलवलं का?" त्याने विचारले. बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने टांगलं तेव्हापासून खिळासुद्धा बदललेला नाही."

माझी मान थोडी ताठ झाली, कबूल करतो. चिठ्ठ्यांना हसणाऱ्यांनी आता पाहावे. एका माणसाची मान एका चिठ्ठीवर उभी आहे.

बस आज चक्क दोन-चाळीसला आली. पोलिसांचा धाक बसवाल्यांनाही असतो.

सोमवार, १२ नोव्हेंबर

इन्स्पेक्टर शनिवारी होता, आज सकाळपासूनही होता. थ्यूलिसला त्याने सोडलेले नाही. म्हणतो, घणावर त्याच्या बोटांचे ठसे, बहिणीचा जबडा, तोंडचे शब्द, सगळे जुळते, एक वेळ सोडून. वेळेचे काय ते वर्दीवाल्यांनी नव्हे, ज्युरीने ठरवावे. खटला डिसेंबरात, लीड्सला. मी बचावाचा साक्षीदार.

गावाने मला डोक्यावर घेतले आहे. माझ्या दाराशी चीज आणि कांदा भरलेली भाजकी 'पाय' ठेवली जाते, मटणाची नव्हे, मला चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. साखरेचे रेशन असूनही बिलीच्या बायकोने आल्याचा केक पाठवला. एका हाताचा बिली स्वतः घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही फक्त वाचायचं. चिठ्ठीवर आहे तेवढंच. जास्तीचा विचार करू नका, तब्येतीला बरं नसतं."

बस तिन्ही दिवस वेळेवर.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

इन्स्पेक्टर मंगळवारी परत गेला आणि बस पुन्हा दोन-पन्नासला. याला काय म्हणावे.

आयव्हीचा जबडा तारेने बांधला आहे. दातांच्या फटीतून दूध पिते. पाटीवर लिहून बोलते. आज लिहिले: 'भावाला फाशी देतील?' मी म्हणालो, नाही. तिने पाटी पुसली आणि बराच वेळ कोरीच धरून बसली.

मंगळवार, ४ डिसेंबर

परवा साक्ष. मन रमवायला बस कंपनीला तक्रारीचे पत्र लिहायला घेतले. पुरावा द्यावा म्हणून चिठ्ठ्यांच्या कडेला टिपलेल्या बसच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. सप्टेंबरपासून त्रेसष्ट दिवस. साठ दिवशी दोन-पन्नास. पावसात दोन-पन्नास, धुक्यात दोन-पन्नास, कोरड्या स्वच्छ दिवशी दोन-पन्नास. बसला खरोखर दम लागत असता तर कधी आठ मिनिटे लागली असती, कधी बारा.

वेळेवर फक्त तीन दिवस. ९, १० आणि १२ नोव्हेंबर.

या तीन दिवशी इन्स्पेक्टर फ्लीसमध्ये बसला होता, असे पत्रात लिहिले. पुढे लिहिले, 'तरी आपल्या चालकाला पोलीस अधिकाऱ्याची...' आणि पेन थांबले.

बस कधीच उशिरा येत नव्हती.

पत्र चुलीत घातले. मग कागदावर साधी वजाबाकी केली, जी आठ वर्षांच्या मुलाला येते. एक-पन्नासमधून दहा गेले, एक-चाळीस. बारा मिनिटांची वाट. एक-बावन्न. लॉरी एक-अठ्ठावन्नला. सहा मिनिटे उरतात. तेवढे घाव घालायला सहा मिनिटे पुष्कळ झाली.

बुधवार, ५ डिसेंबर

बाईंना एकटे गाठले. त्या पेले पुसत होत्या.

"बाई, घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"कुठल्या पबाचं नसतं, राजा?" त्यांनी पेला उजेडात धरला. "त्याशिवाय ही जनावरं अडीचच्या आत बाहेर निघतील? अडीचला दार बंद, हा कायदा. नाहीतर माझं लायसन जाईल. सगळ्या इंग्लंडात हाच रिवाज आहे. शेंबडं पोरही जाणतं."

"मला माहीत नव्हतं."

"म्हणून तर."

"इन्स्पेक्टर आला तेव्हा तुम्ही..."

"खुर्चीवर चढले आणि काटा मागे घेतला. पाय घसरला असता तर? माझं वय बघा." मग पेला खाली ठेवला. "आम्ही दहाजणांनी शपथेवर वेळ सांगितली असती तर आम्ही त्याचे सोयरे, पक्के खोटारडे. तुमची गोष्ट निराळी. तुम्ही कुणाचे कुणी नाही, दारू पीत नाही आणि तुमचा त्या घड्याळावर खरोखर विश्वास होता. असा साक्षीदार विकत मिळत नाही."

"होता," मी म्हणालो.

"उद्या एक दिवस आणखी असू दे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "सात वर्षं ती पोर मार खाते आहे, मास्तर. ब्रॅमॉलकडे तीनदा गेली. नवरा-बायकोचं भांडण म्हणून तीनदा परत पाठवली. तिच्यासाठी जो उठला त्याला लटकवणार तुम्ही? हा हात बांधला कुणी तुमचा?"

संध्याकाळी लाल शाईने चिठ्ठी लिहिली. ८ नोव्हेंबर, खरी वेळ एक-चाळीस. नियमाप्रमाणे पहिलीला टाचायची. टाचली नाही. पंचांगात ठेवली.

गुरुवार, ६ डिसेंबर. लीड्स

शपथेसाठी कोणता ग्रंथ, असे विचारले. मी म्हटले, कोर्टापाशी असेल तो. त्यांच्यापाशी माझ्या उपयोगाचा नव्हता, तेव्हा नुसत्याच शब्दावर घेतली.

सरकारी वकील उंच, सर्दी झालेला. "वेळ कुठल्या घड्याळाची?"

"फ्लीसच्या."

"ते घड्याळ बरोबर चालतं?"

वर सज्जात हॅगथ्वेटची माणसे दाटीने बसली होती. पिंजऱ्यात थ्यूलिस, हात कठड्यावर. माझी बोटे बांधणारे हात. घण धरणारेही तेच. आयव्ही पहिल्या रांगेत, तारांनी मिटलेले तोंड.

मी म्हणालो, "नऊ नोव्हेंबरला इन्स्पेक्टरसाहेबांनी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एका मिनिटाचा फरक नव्हता. मी समोर उभा होतो."

प्रत्येक अक्षर खरे. आमच्याकडे एका राजाचा रथ जमिनीवर चार बोटे तरंगत असे. असेच एक वाक्य बोलला आणि खाली टेकला. माझ्यापाशी रथ नाही. मी खाली उतरलो तेव्हा जमीन होती तिथेच होती, याचेच नवल वाटले.

शुक्रवार, ७ डिसेंबर

निर्दोष. ज्युरीला चाळीस मिनिटे लागली. आता त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा कोणी उभे करू शकत नाही. गावाने त्याला खांद्यावर घेतले. मलाही घेऊ पाहत होते, मी छत्री आडवी धरली.

बुधवार, १९ डिसेंबर

घड्याळ दुरुस्त होऊन आले. वडिलांचे, झाकणावर गणपती. हॅलिफॅक्सच्या स्टेशनवरच्या घड्याळाशी लावले. फ्लीसमध्ये मात्र खिशातच ठेवतो, न जाणो.

थ्यूलिस आयव्हीच्या घरी राहायला गेला आहे. 'बाईमाणूस एकटी कशी राहणार.' आज डॉमिनो खेळताना म्हणाला, "एक शब्द उलट बोलायची नाही ती आता. तारा आहेत ना तोंडात." पब हसला. मी माझ्या जुन्या चिठ्ठ्यांतली १८ ऑक्टोबरची काढून पाहिली. दात खिशात घातला, त्या दिवशी मीही हसलो होतो.

गुरुवार, ३ जानेवारी १९५२

जबड्याच्या तारा काढल्या. आयव्हीच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ. मी पाहिले हे तिने पाहिले.

"कपाटाचं दार," ती म्हणाली. शब्द अजून सांडतात.

"तेच घर, तेच दार?"

ती हसली नाही. स्कारबरोच्या एका खानावळीत काम मिळते आहे, म्हणाली, समुद्रासमोर. भाऊ जाऊ देत नाही. पत्र त्याने चुलीत घातले, बॅग मोडली, सोमवारी रात्रभर कोळशाच्या कोठीत कोंडले. "म्हणतो, तुझ्यासाठी मी माणूस मारला. आता तू माझी आहेस."

मग माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं ना, मास्तर? वेळेचं?"

तिने फडके पिळले. बादलीत पाणी पडल्याचा आवाज मला खोलीवर येईपर्यंत ऐकू येत होता.

ब्रॅमॉलकडे गेलो. बहीण-भावाचे भांडण आहे, म्हणाला.

गुरुवार, १० जानेवारी

दुपार. तीच दहा-बारा माणसे. स्वयंपाकघराकडचे दार उघडून आयव्ही आली. अंगात कोट, हातात दोरीने बांधलेली बॅग.

"दोन-चाळीसने जाते आहे मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली.

थ्यूलिसने पेला खाली ठेवला. अजिबात आवाज न करता. "तू त्या दाराबाहेर पाऊल टाक," तो त्याच गाभाऱ्यातल्या आवाजात म्हणाला, "तुझ्यापायी मी लोंबेन."

दोघे-तिघे हसले, रोजच हसतात तसे. मग हसणे एकेकाच्या तोंडावर विझले. आजी हे वाक्य बुटांवरून म्हणते, शिक्षिका म्हणते, मालकीणबाई म्हणतात. इतकी माणसे म्हणतात आणि काही होत नाही. त्याने एकदा म्हटले होते तेव्हा काय झाले, ते या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते.

तो उठला. आयव्हीचा दंड धरला आणि पिरगाळला. खांद्यातून कट् असा आवाज आला. बॅग पडली. ती ओरडली नाही, सवय मोडलेली नव्हती.

मी चिठ्ठी घेतली. उजव्या हाताने; बोटे वाकडी जुळली आहेत, पण लिहितात. वाक्य लिहिले. दगडफोड्या, वय चौतीस, फ्लीस, १० जानेवारी. भिंतीवर एक-पन्नास झाले होते. मी खिशातून घड्याळ काढले, झाकण उघडले, आणि आमच्या पाठशाळेत मंत्र म्हणायला लावीत तशा खणखणीत आवाजात वाचले:

"एक वाजून चाळीस मिनिटं."

बाईंचा हात पेल्यात थांबला. ब्रॅमॉलने बुटांवरून नजर वर केली.

"घड्याळ दुरुस्त होऊन आलं वाटतं, मास्तर?" बाईंनी हळूच विचारले.

"आलं, बाई. आता मी याच्यावरच लिहितो."

थ्यूलिस माझ्याकडे वळला. एका हातात अजून बहिणीचा दंड. "मास्तर, ही बोटं मी बांधली होती."

"म्हणूनच मागची चिठ्ठी तशी होती," मी म्हणालो. "ते फिटलं. पुढच्या खेपेला सहा मिनिटं मिळणार नाहीत तुला. मी इथे दहाजणांसमोर वाक्य लिहिलं आहे आणि खरी वेळ लिहिली आहे. हिला काही झालं तर हीच चिठ्ठी घेऊन लीड्सला जाईन, आणि पहिलीची लाल चिठ्ठीही सोबत नेईन. त्या खुनाला तुला आता कोणी शिवणार नाही. पण तू वाक्य कसं पाळतोस, ते ज्युरीला समजेल."

तो माझ्या टेबलाशी आला. मी तुटायच्या आवाजाची वाट पाहिली. त्याने मूठ उचलली, ती माझ्या कानशिलापाशी थांबली, मग खाली आली आणि टेबलाची फळी मधोमध फुटली. जिंजर बिअर मांडीवर सांडली. दुसऱ्या बाजूने एका हाताचा बिली उठला आणि आयव्हीसमोर जाऊन उभा राहिला. मग आणखी एक. मग ब्रॅमॉल, शेवटी, टोपी घालून. "बस खाली, जोएल," तो म्हणाला. "आज मी पाहतो आहे."

थ्यूलिस बसला. पूर्ण एक तास बसला, हात फुटक्या फळीवर, बोटांतून रक्त. आयव्ही समोरच्या बाकावर, निखळलेला खांदा दुसऱ्या हाताने धरून. माझे घड्याळ उघडे, टेबलाच्या उरलेल्या अर्ध्यावर.

भिंतीवर अडीच झाले तेव्हा बाई सवयीने "चला, आटपा" म्हणाल्या. कोणी हलले नाही. मग त्या खुर्ची ओढून वर चढल्या आणि सगळ्यांदेखत काटा दहा मिनिटे मागे घेतला.

बिलीने बॅग उचलली. आयव्ही दाराशी थांबली, मागे वळून पाहिले नाही, आणि बाहेर गेली.

लाल चिठ्ठी आज पहिलीला टाचली. मिस पिकरसगिलना पाठवतो आहे, पुढचे त्या जाणोत आणि मी.

बस वेळेवर आली.